पंडिता रमाबाई : मत्सरावर कृतज्ञतेची मात



ख्रिस्तसभेने सांगितलेल्या सात प्रमुख पापांपैकी बहुतेक पापांत माणसाला घटकाभर तरी सुख मिळते. खादाडाला जिभेची चव मिळते, आळशाला विश्रांती मिळते, रागावलेल्याला मनातले बोलून टाकल्याचे समाधान मिळते. मत्सराचे मात्र तसे नाही. मत्सर करणाऱ्याच्या पदरी पहिल्या क्षणापासून फक्त जळणेच येते. संत थॉमस अक्वायनस यांनी मत्सराचा अर्थच असा लावला आहे, की दुसऱ्याचे भले झालेले पाहून आपल्याला होणारे दुःख म्हणजे मत्सर.

हे दुःख कोणाच्या दारात सहज येऊन उभे राहते? ज्याचे काही तरी कायमचे गेले आहे त्याच्या. चांगले चालता न येणारा बाप शाळेच्या मैदानावर इतर बापांना आपल्या मुलांबरोबर धावताना पाहतो. ऐकू न येणारी आई लेकराचे पहिले बोबडे बोल इतरांनी कौतुकाने सांगितल्यावरच जाणून घेते. अशा आईवडिलांना कृतज्ञतेचा उपदेश करणे सोपे असते. ती जगून दाखवणे अवघड असते. म्हणून आज उपदेशाऐवजी एक चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत. ते आपल्याच मराठी मातीतले आहे. नाव सर्वांना ठाऊक आहे, परंतु या बाजूने ते फारसे सांगितले जात नाही. ते नाव आहे पंडिता रमाबाई.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या आपल्या विवेकाला धरून स्वतंत्र वाटेने गेल्या. पण आपल्यापासून दुरावलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या जीवनात ख्रिस्ताची जी कृपा दिसते, तिचा आनंदाने आदर करावा, हीच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६४ सालची शिकवण आहे. मत्सर या विषयावर लिहिताना तर हा आदर आधी यायला हवा.

अरण्यातले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवणे म्हणजे अधर्म, असे मानले जाण्याचा तो काळ. अनंतशास्त्रींनी मात्र पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लोकांचा रोष पत्करून रानात घर केले. पुढे याच आईने आपल्या धाकट्या लेकीला संस्कृत शिकवले. कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव फिरू लागले. मंदिरात, घाटावर पुराणे सांगायची आणि जे मिळेल त्यावर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता. चालता चालता रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. शिल्लक संपली, दागिने गेले, भांडी गेली. भीक मागणे आणि अंगमेहनत करणे या कुटुंबाला ठाऊक नव्हते. उपासमारीने आणि आजाराने आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. तेव्हा रमाबाईंनी विशीही गाठली नव्हती. उरले ते भाऊ श्रीनिवास आणि त्या. दोघे हजारो मैल पायी हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करायला दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली, हे रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. विशीतल्या तरुणीची ती विद्वत्ता पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण सुखाचे दिवस टिकले नाहीत. १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने दगावले. तेव्हा मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, मांडीवर तान्ही मुलगी आणि पाठीशी कोणी नाही, अशी रमाबाईंची स्थिती होती. आणि कानांनी ऐकू येणेही कमी होऊ लागले होते.

डॉक्टर व्हायचे होते

१८८२ साली रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जात नाहीत आणि उपचाराविना मरतात, म्हणून स्त्रियांना शिक्षिका करा आणि डॉक्टरही करा, असे त्यांनी त्या साक्षीत आग्रहाने मांडले. स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी जो निधी उभारला, त्यामागे या साक्षीचाही वाटा होता असे मानले जाते.

दुसऱ्यांना सांगून त्या थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हावे, असे त्यांनी ठरवले. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय झाली आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. तिथे वाँटेज या गावी पवित्र कुमारी मरियेच्या नावाने चालणाऱ्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. या सिस्टरांचे काम पुण्यातही होते, त्यामुळे ओळख आधीची होती. वाट चुकलेल्या स्त्रियांना सिस्टर कशा सांभाळतात, हे त्यांनी लंडनच्या फुलम भागातील आश्रमात पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीला असे जवळ करायला यांना कोण शिकवते, हा प्रश्न त्यांना पडला. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या प्रभू येशूमध्ये त्यांना त्याचे उत्तर सापडले. फादर नेहेम्या गोरे या चित्पावन धर्मगुरूंच्या लिखाणानेही त्यांच्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी या दोघींनी बाप्तिस्मा घेतला.

डॉक्टर होण्याचा मार्ग मात्र बंद झाला, आणि तो कानांमुळे बंद झाला. डॉक्टरला छातीचे ठोके ऐकावे लागतात, फुप्फुसातला श्वास ऐकावा लागतो, वर्गात व्याख्याने ऐकावी लागतात. रमाबाईंची बुद्धी पुरेशी होती, चिकाटी पुरेशी होती, पण ऐकण्याची शक्ती पुरेशी नव्हती. ज्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, तेच दार समोरच्या समोर मिटले. जवळ दोन-अडीच वर्षांची मुलगी, आणि सोबत आलेल्या मैत्रिणीचाही वाँटेजमध्येच मृत्यू झालेला. इकडे महाराष्ट्रात तर धर्मांतराच्या बातमीने टीकेचे मोहोळ उठले होते.

या वेळी रमाबाईंनी हात टेकले नाहीत. डॉक्टर होता येत नसेल तर शिक्षिका व्हायचे, असा निर्णय त्यांनी घेतला. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान व इंग्रजी साहित्य शिकत. मनोरमेला त्या काळात वाँटेजच्या सिस्टरांकडे ठेवावे लागे. दूर राहूनही मुलीच्या संगोपनाचा प्रत्येक निर्णय आपलाच असावा, यासाठी त्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालीत.

फिलाडेल्फियाचा तो दिवस

आता आपण या चरित्राच्या गाभ्याशी आलो. १८८३ च्या एप्रिलमध्येच आणखी एक मराठी तरुणी समुद्र ओलांडून निघाली होती. तिलाही डॉक्टर व्हायचे होते. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या, वयाने त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी लहान. रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या, आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला. एकाच महिन्यात, एकाच ध्येयाने दोघी निघाल्या. तीन वर्षांनी एकीच्या हाती वैद्यकीय पदवी होती आणि दुसरीच्या हाती नव्हती.

एवढ्यावरच भागत नाही. आनंदीबाई हिंदू धर्मात राहिल्या म्हणून मायदेशात त्यांचे कौतुक होत होते. रमाबाईंनी ख्रिस्ताला स्वीकारले म्हणून त्यांच्या वाट्याला दूषणे येत होती. आनंदीबाईंचे पती गोपाळराव त्यांच्या शिक्षणासाठी धडपडत होते. रमाबाईंच्या पतीला जाऊन चार वर्षे झाली होती. मत्सराला लागणारे सगळे साहित्य इथे जमा होते. आपण ज्यासाठी धडपडलो तेच, आपल्याच नात्यातल्या, आपल्याहून लहान व्यक्तीला मिळाले होते. अनोळखी श्रीमंताचा आपल्याला फारसा मत्सर वाटत नाही. तो वाटतो चुलत जावेचा, शेजारणीचा, बरोबरच्या बाकावर बसलेल्याचा. शौलाला दूरच्या राजांचा मत्सर वाटला नाही, आपल्याच सेवेत असलेल्या दाविदाचा वाटला.

अमेरिकेतून आमंत्रण आले. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ होणार होता आणि महाविद्यालयाच्या डीन डॉ. रेचल बॉडली यांची इच्छा होती की रमाबाईंनी यावे. नाही म्हणायला कारणे भरपूर होती. अभ्यास चालू होता, पैशांची चणचण होती, कडाक्याच्या थंडीत अटलांटिक महासागर पार करायचा होता, बरोबर लहान मुलगी होती. यांपैकी कोणतेही कारण सांगितले असते तर लोकांनी मान्य केले असते. आपल्यालाही हा अनुभव असतो. ज्या आनंदाने आपल्याला टोचते, तिथे न जाण्यासाठी चांगले कारण नेहमीच सापडते.

रमाबाई गेल्या. पाच वर्षांची होऊ घातलेल्या मनोरमेला घेऊन त्यांनी तो प्रवास केला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवलेली ती पहिली हिंदू स्त्री. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. जे त्यांनी १८८२ साली आयोगापुढे मागितले होते ते त्या दिवशी घडत होते. फक्त ते त्यांच्या हातून घडत नव्हते, एवढेच.

बंधुभगिनींनो, कृतज्ञता म्हणजे मनात येणारा गोड विचार नव्हे. कृतज्ञता म्हणजे उठून जाणे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ घराबाहेरच थांबला, मेजवानीला आत गेला नाही. तिथे त्याचे चुकले. याउलट, वृद्ध एलिझाबेथकडे तिची तरुण नातेवाईक पवित्र मरिया आली, तेव्हा मरियेच्या पोटी आपल्याहून थोर वरदान आहे हे ओळखून एलिझाबेथ आनंदित झाली. वयाने मोठ्या नातेवाईक स्त्रीने लहानीच्या भाग्याचा आनंद मानावा, हे शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानांवर आहे. रमाबाईंनी ते फिलाडेल्फियात आचरणात आणले.

मिटलेल्या दाराशेजारचे दुसरे दार

समारंभ पाहून परतायचे, असा बेत होता. पण तिथल्या शाळा पाहून रमाबाई थांबल्या. खेळातून लहान मुलांना शिकवण्याची फ्रोबेलची बालोद्यान पद्धत त्यांनी शिकून घेतली. १८८७ साली त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. उच्च जातींतील बालविधवांचे हाल त्यात त्यांनी जगापुढे मांडले. ते पुस्तक त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले. रानात बसून आपल्याला अक्षरे शिकवणाऱ्या लक्ष्मीबाईंना त्या विसरल्या नव्हत्या.

त्याच वर्षी एक दुःखद बातमी आली. मायदेशी परतलेल्या डॉ. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वय एकवीस. ज्या भाग्याचा लोकांना हेवा वाटावा, ते असे वर्षभरातच सरले. दुसऱ्याच्या ताटात काय वाढून ठेवले आहे ते आपल्याला पूर्ण कधीच दिसत नाही. आनंदीबाईंचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेले होते. रमाबाईंजवळ मनोरमा होती. कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, याचा हिशेब माणसाने मांडायचा म्हटला तर तो कधीच जुळत नाही.

रमाबाई अमेरिकाभर फिरल्या आणि भाषणे दिली. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे त्या संस्थेने कबूल केले. १८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई मायदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ ही शाळा उघडली. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या दिवसापासून बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला. शाळेत येणाऱ्या पहिल्या विधवांमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे जे मोठे काम उभे केले, त्यात या बाया कर्व्यांचा संसार आणि साथ होती. डॉक्टर होऊन रमाबाईंनी शेकडो रुग्ण बरे केले असते. शिक्षिका होऊन त्यांनी ज्या दिव्याने दिवा लावला, त्याचा उजेड पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचला.

कृतज्ञ माणूस मुका असतो, असे मात्र कोणी समजू नये. अन्याय दिसला की रमाबाई बोलत. विधवांचे हाल, सासुरवासातील छळ, आपल्या कामात ढवळाढवळ करणारे धर्माधिकारी, यांपैकी कोणापुढेही त्या गप्प बसल्या नाहीत. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या आरोपावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ झाले. सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित गृहस्थांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली बाजू ठामपणे मांडली आणि काम चालू ठेवले. मत्सर आणि न्यायाची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझे जावो, असे मत्सर म्हणतो. मलाही वाट हवी, असे न्याय म्हणतो. अपंग व्यक्तीने चर्चच्या पायऱ्यांशेजारी उतरण मागितली तर ती मत्सर करीत नाही, आपला हक्क सांगते.

केडगावची आई

१८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना आपले आईवडील आठवले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर रिकामे केले होते, त्याच दुष्काळाच्या तोंडातून दुसऱ्यांच्या मुली सोडवायला त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. १८९८ मध्ये तिथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर तिथल्या रहिवाशांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. शेती, विणकाम, शिवणकाम, छपाई अशी कामे स्त्रियाच शिकल्या आणि स्त्रियाच करू लागल्या.

मुक्तीमध्ये एक घर अंध स्त्रियांसाठी होते. त्याचे नाव ‘बार्तीमी सदन’. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला अंध बार्तीमय प्रभूला हाक मारत होता आणि लोक त्याला गप्प बसवीत होते. प्रभूने मात्र थांबून त्याला जवळ बोलावले आणि तुला काय हवे, असे विचारले. त्याच्या नावाचे हे घर. ज्या बाईला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते, तिने ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दार उघडले. आपल्या उणेपणाकडे बघत बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे उणेपण दिसत नाही. रमाबाईंना ते दिसले.

या घरी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्यात पुढाकार घेतला तो मनोरमाबाईंनी. वाँटेजच्या मठात वाढलेली आणि आईबरोबर समुद्र ओलांडणारी ती लहान मुलगी आता मोठी झाली होती. भारतात आणि परदेशात शिक्षण घेऊन त्या आईच्या कामात उतरल्या आणि शारदा सदनच्या मुख्याध्यापिका झाल्या. गुलबर्ग्याला शाळा काढण्यातही त्यांची मदत होती. ऐकू न येणाऱ्या आईची मुलगी अंधांची शिक्षिका झाली, ही गोष्ट प्रत्येक आईबापाने थांबून विचार करावा अशी आहे. मुले आपल्या अपंगत्वाकडून फारसे काही शिकत नाहीत. आपण त्या अपंगत्वाशी कसे वागतो, त्यावरून ती शिकतात. आई घरात बसून इतरांच्या नशिबावर जळत राहिली असती तर मनोरमेने जळणे उचलले असते. आईने दुसरीच्या आनंदासाठी महासागर ओलांडला, म्हणून मुलगीही दुसऱ्यांसाठी जगायला शिकली.

शेवटचा नफा-तोटा

१९०५ च्या सुमारास रमाबाईंनी एक नवे काम हाती घेतले. खेड्यातल्या, थोड्याच शिकलेल्या मराठी बाईला समजेल अशा सोप्या भाषेत संपूर्ण बायबलचे भाषांतर करायचे त्यांनी ठरवले. त्यासाठी उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. कान साथ देत नव्हते, पण डोळे आणि हात देत होते. लिहायला, वाचायला, भाषांतर करायला तेवढे पुरेसे होते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही स्त्रियाच होत्या, आणि त्यांतल्या अनेकींना दुष्काळातून आणले होते.

१९०७ साली रमाबाईंनी आपली जीवनकथा ‘साक्ष’ म्हणून लिहिली. तिच्या इंग्रजी शीर्षकात त्यांनी आपल्या जीवनाला कधी न सरणाऱ्या ठेव्याचे नाव दिले. आईबाप, बहीण, भाऊ, पती, डॉक्टरकी आणि कान, एवढे गमावलेल्या बाईने हे शीर्षक दिले. गमावलेल्याची यादी तिला येत नव्हती असे नाही. त्या पुस्तकात दुष्काळाची हकिगत सविस्तर आहे. दुःख लपवून कृतज्ञता येत नाही. दुःख जसे होते तसे सांगून, त्यातही देव कुठे भेटला हे जो सांगतो, तो कृतज्ञ.

शेवटची परीक्षा अजून बाकी होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मिरजेच्या इस्पितळात वारल्या. वय चाळीस. उतारवयात आईने लेकीला निरोप देणे, याहून जड काय असते? ज्या लेकीच्या हाती सगळे काम सोपवायचे, तीच पुढे गेली. रमाबाईंचे शरीरही थकले होते. तरी त्या भाषांतराच्या प्रुफांकडे परतल्या आणि ते काम संपवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.

आपल्यासाठी

शुभवर्तमानात ऐकणे-बोलणे गमावलेला एक बाप आहे. तो म्हणजे जखऱ्या. योहानाचा जन्म झाला तेव्हा लोक त्याच्याशी खुणांनी बोलत होते. त्याची जीभ मोकळी झाली तेव्हा गेलेल्या महिन्यांबद्दल त्याने तक्रार केली नाही. त्याने आधी देवाची स्तुती केली आणि मग पुत्राला आशीर्वाद दिला. तेही कोणता आशीर्वाद, तर आपल्या पुत्राने दुसऱ्या कोणाची वाट तयार करावी हा. ख्रिस्तसभा ते स्तोत्र रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणते. रमाबाईंचे कान पुन्हा बरे झाले नाहीत. तरीही त्यांनी तेच केले.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक गोष्ट करावी. ज्याच्या सुखाने आपल्या मनात टोचते, त्या एका व्यक्तीचे नाव मनाशी घ्यावे. मग तिच्या घरी जावे, निदान फोन करावा, आणि तिच्या आनंदाबद्दल मनापासून बोलावे. मन तयार होईपर्यंत थांबू नये. पाय आधी जातात, मन मागून येते.

आणि ज्यांना देवाने धडधाकट शरीर दिले आहे, त्यांनी आणखी एक करावे. मिस्साला येणाऱ्या, पण ऐकू न येणाऱ्या, दिसत नसलेल्या किंवा पायऱ्या चढू न शकणाऱ्या आईबापांना कृतज्ञतेचे धडे देऊ नयेत. त्यांना काय हवे, ते प्रभूने बार्तीमयाला विचारले तसे विचारावे आणि ऐकून घ्यावे.

हे प्रभो, आमच्याकडून जे गेले त्याचे दुःख तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या अंगणातला आनंद पाहून आमचे मन काळवंडते तेव्हा आम्हाला उठव आणि त्या अंगणात घेऊन चल. अपंगत्व घेऊन लेकरे वाढवणाऱ्या प्रत्येक आईला आणि बापाला बळ दे. त्यांच्या मुलांना त्यांच्याकडून धनापेक्षा मोठा वारसा मिळो, तो कृतज्ञ अंतःकरणाचा असो. आमेन.